माउंट मेरूचा ट्रेक आणि आमचे ८९१ डॉलर ६० सेंट

टांझानियातला माउंट मेरू चढायचा म्हणून कुणा एजंटला पैसे पाठवणार असाल, तर आधी हे वाचा. आमचे ८९१ डॉलर ६० सेंट गेले. त्यातले ७३१ डॉलर ६० सेंट मेरू ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्या शुल्काचे. ते एजंटने आमच्याकडून घेतले, भरले मात्र नाहीत, आणि आम्हाला गेटवर पुन्हा भरावे लागले. उरलेले १६० डॉलर पोर्टर लोकांच्या टीपचे, तेही त्यानेच खाल्ले. लाजेपोटी हे मी घराबाहेर बोलले नव्हते. पण परवा ओळखीतल्या एका मुलाच्या फोनवर तेच फोटो, तसंच दरपत्रक आणि वर वेगळंच नाव पाहिलं, तेव्हा गप्प बसवेना.

मी आणि माझा भाचा, दोघंच जाणार होतो. सह्याद्री आम्हाला पायाखालचा आहे, पण साडेचार हजार मीटरच्या वर जायचं तर किलीमांजारोपेक्षा मेरू बरा, गर्दी कमी आणि पहिल्या दिवसापासून जनावरांच्या जंगलातून चाल, असा विचार होता. एजंटचा नंबर ट्रेकिंगच्या ग्रुपवर मिळाला. ज्याने दिला तो स्वतः त्याच्याबरोबर कधी गेलाच नव्हता, हे नंतर कळलं. ग्रुपवर कुणी नाव सुचवलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: तू स्वतः गेलास का, आणि कधी?

मी डोळे मिटून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. दर भरपूर ठिकाणी विचारले होते. कुणी माणशी ८५० सांगत होतं, कुणी ८९०. याने चार दिवस तीन रात्रींचे माणशी ७२० सांगितले, उद्यानाचं शुल्क, मुक्काम, गाइड, पोर्टर, जेवण सगळं धरून. कुणी ४०० सांगितले असते तर मीच फोन ठेवला असता. दोघांचे मिळून होणारे निम्मे पैसे आगाऊ, ७२० डॉलर, म्हणजे ६१,४८८ रुपये आणि बँकेचे १,१८० वेगळे. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या खात्यात परदेशी पैसे यायला आठवडा लागतो. असं सांगणारे तिथे इतके आहेत की ते खरंही वाटतं. तरी सांगते, खातं कंपनीच्या नावाचं नसेल तर एक पैसा पाठवू नका.

उरलेले ७२० अरुशात, म्हणजे मेरूजवळच्या शहरात, पोचल्यावर रोख द्यायचे होते. संध्याकाळी तो हॉटेलवर आला, अगदी नम्र, भाच्याला ‘भैया’ म्हणणारा. पोर्टर लोकांच्या टीपचे १६० सुद्धा आत्ताच द्या, वर डोंगरात पैसे मोजत बसायला नको, असं म्हणाला. तेही दिले. मग त्याने फोनवर एक कागद दाखवला आणि मला पाठवला. त्यावर आमची नावं, पासपोर्टचे नंबर, वाटेवरच्या मिरियाकांबा आणि सॅडल या दोन्ही मुक्कामाच्या हटमधल्या रात्री, एकूण ७३१.६० डॉलर, लांबलचक कंट्रोल नंबर, सगळं होतं. ‘परमिट झालं,’ म्हणाला.

त्या कागदाच्या खाली मुदत संपण्याची तारीख होती. भरलेल्या पैशांच्या पावतीला मुदत कशाला असेल? मुदत बिलाला असते. अमुक तारखेच्या आत या कंट्रोल नंबरवर पैसे भरा, नाहीतर नंबर बाद. तिथे सरकारी शुल्क असंच भरतात: आधी बिल निघतं, त्यावर नंबर येतो, पैसे भरल्यावर पावती वेगळी मिळते. बिल काढायला एक छदाम लागत नाही. माझ्या हातात बिल होतं आणि मी त्याला परमिट समजत होते. बरं, भाच्याने विचारलंसुद्धा, ‘ही एक्स्पायरी कसली?’ तो पटकन म्हणाला, ‘परमिट तेवढ्याच दिवसांत वापरायचं असतं.’ उत्तर इतकं सरळ होतं की आम्ही दोघांनी मान डोलावली. तो कागद अजून फोनमध्ये आहे. उघडला की आधी ती तारीखच दिसते, आणि तिथल्या तिथे त्याचा हात धरून ‘पावती दाखव’ का म्हटलं नाही, याने जीव जळतो. आमचे रोख पैसे तेव्हा अजून टेबलावर होते.

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या मोमेला गेटवर गाइड खिडकीशी गेला आणि तोंड पाडून परत आला. पैसे भरलेलेच नव्हते. म्हणाला, काल सिस्टीम बंद होती, तुम्ही तुमच्या कार्डाने भरा, साहेब रात्री परत पाठवतील. गेटवर रोख चालत नाही, म्हणजे कार्ड आमचंच. आम्ही साहेबाला, म्हणजे त्या एजंटला, फोन लावला, तोही हेच बोलला, शपथेवर.

या डोंगरावर रेंजरशिवाय पाऊल टाकता येत नाही. मोमेलापासूनच रानम्हशी, जिराफ, रानडुकरं असलेलं जंगल सुरू होतं, म्हणून बंदूकधारी रेंजर बरोबर असतोच आणि निरनिराळ्या कंपन्यांची माणसं एकत्र करून त्याच्यामागून नेतात. तो निघाला की तुम्ही राहिलात. त्या सकाळी रेंजर बंदूक खांद्याला लावून उभा, बाकीची मंडळी पाठपिशव्या चढवून तयार, आणि आमच्यापाशी दहा-पंधरा मिनिटं. एजंटला हे पक्कं ठाऊक होतं. हाच त्याचा हुकमी एक्का. शहरात पैसे मागितले असते तर आम्ही भांडलो असतो, पोलिसांत गेलो असतो. गेटवर कुणी भांडत नाही. भाचा म्हणाला, ‘मावशी, भरून टाक, इथे परत कधी येणार आपण?’ मी कार्ड दिलं. बँकेच्या हिशेबात ते ६५,५१६ रुपये झाले, कार्डाचा अधिभार धरून.

डोंगराविषयी तक्रार नाही. गवतात रानम्हशी उभ्या, वर झाडांत काळी-पांढरी कोलोबस माकडं. मेरूची पूर्वेची भिंत फार पूर्वी कोसळली, तिच्या ढिगाऱ्यावर आता मोमेलाची तळी आहेत, आणि उघड्या पडलेल्या विवरात राखेचा शंकू उभा आहे. शेवटचा छोटा उद्रेक १९१० सालचा. अंधारात ऱ्हायनो पॉइंट ओलांडून कड्याच्या धारेवरून चालताना पूर्वेला किलीमांजारोमागून उजाडलं. आयुष्यभर पाहायची इच्छा होती ते पाहिलं, आणि तेव्हाही डोक्यात एकच, रात्री पैसे आले असतील का? तेवढंही त्या माणसाने नासवलं.

उतरल्यावर पोर्टर मुलं घुटमळत उभी होती. टीप तुमच्या साहेबाकडे दिली, असं सांगितलं तर एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना ती मिळणार नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यातल्या एकाची मागच्या फेरीची मजुरीही बाकी होती. आमच्याजवळ होते तेवढे शिलिंग वाटून दिले. टीप नेहमी ज्याची त्याच्या हातात द्या, सगळ्यांसमोर, किती ते मोठ्याने सांगून.

साहेबाचा फोन तोवर बंद. गाइडने हात वर केले.

मग पोलीस. तिथल्या चौकीत अर्धा दिवस बाकावर बसवलं. करार कुठे आहे? व्हॉट्सअॅपवरचं बोलणं चालत नाही. हा व्यवहाराचा वाद आहे, गुन्हा नाही. पुढच्या आठवड्यात या. आमचं विमान दोन दिवसांवर, हे सांगूनही तेच. शेवटी एका कागदावर नोंदीचा नंबर मिळाला, तोही भाचा हटून बसला म्हणून. घरी आल्यावर बँक म्हणाली, आगाऊ रक्कम तुम्ही स्वतः पाठवलीत, परत येणार नाही. कार्डाच्या पैशांची तक्रार केली तर उत्तर आलं की पैसे उद्यानाने घेतले, उद्यानाने सेवा दिली, सबब तक्रार निकाली. ‘निकाली’! सायबर पोलिसांकडे गेले तर म्हणे, घटना परदेशातली, तक्रार तिकडेच करा. तिकडचे म्हणतात करार दाखवा, इकडचे म्हणतात तिकडे जा. टेबलामागच्या एका साहेबांनी तर विचारलं, ‘बाई, डोंगर चढायला मिळाला ना तुम्हाला?’ माझ्या पगारातून साठवलेले पैसे, आणि वर हे ऐकायचं. चोरी करून जाणाऱ्यापेक्षा मला त्या प्रश्नाचा जास्त संताप आला. तरीही आपल्याकडून पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मी महिन्याने केला, कारण तो माणूस महिनाभर ‘उद्या पाठवतो’ लिहीत होता. ते ‘उद्या’ तुमची वेळ खाण्यासाठीच असतं.

किलीमांजारोला जाणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. दिवसाचं शुल्क ७० डॉलर, तंबूची रात्र ५० डॉलर, वर १८ टक्के कर. सहा दिवस पाच रात्रींत हेच आठशेच्या जवळ जातं. मग ९०० डॉलरमध्ये सगळं देतो म्हणणारा पोर्टर लोकांना काय देणार? पोर्टर लोकांना नीट मजुरी मिळते का हे बघणारी किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था आहे, ती आपल्या भागीदार कंपन्यांची यादी देते, ती यादी बघा. पर्यटनाचा चालू वर्षाचा परवाना मागा आणि त्यावरचं नाव खात्याच्या नावाशी ताडून पाहा. आणि हातातले शेवटचे पैसे सोडण्याआधी भरलेल्या शुल्काची पावती घ्या. कंट्रोल नंबर असलेला नुसता कागद घेऊ नका. त्यावर मुदत दिसली तर पैसे खिशात ठेवा आणि गेटवर स्वतः भरा, तेवढी रक्कम पॅकेजमधून वजा करून.

नव्या नावाने आलेलं दरपत्रक माझ्याकडे आहे: मेरू ७१०, किलीमांजारो १,१५०, तेच फोटो, त्यातल्या एकात मागे आमच्याच गटातला पोर्टर दिसतो. ज्यांना असंच गेटवर दोनदा भरावं लागलं असेल त्यांनी आपलं बिल, पावती आणि खात्याचं नाव जपून ठेवा आणि पुढे या. एकेकट्याची तक्रार निकाली काढतात, दहा जणांची एकत्र गेली तर निदान उघडून वाचावी लागेल. माझे कागद क्रमवार लावून तयार आहेत.