बंद घर विकेपर्यंत डीह्युमिडिफायर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

बाजार थंड असला की रिकामं घर विकायला सहज सहा-आठ महिने लागतात, आणि तेवढ्यात बंद घराला कुबट वास धरतो. दार उघडताच तो वास आला की बघायला आलेला माणूस पुढच्या खोल्या बघतो खरा, पण नजर कोपऱ्यांत ओल शोधत राहते. भाव पाडायला त्याला कारण मिळालेलं असतं. डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतला दमटपणा पाणी करून काढणारं यंत्र. १२ लिटरचं कॉम्प्रेसरवालं असं यंत्र अशा घरात सहा महिने चालवल्यावरचं हे मत.

खोक्यावरचे १२ लिटर, म्हणजे दिवसभरात निघणारं पाणी, आधी डोक्यातून काढा. तो आकडा बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. २० अंश आणि ६० टक्क्यांना तेच यंत्र निम्मंही पाणी काढत नाही. १५ अंशांच्या खाली कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ धरू लागतो आणि बराच वेळ तो वितळवण्यातच जातो. थंड जागी डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं घ्या, वीज जास्त खातं तरी.

घेताना दोन गोष्टी पाहाच: पाइप लावायची सोय आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणं. दुसरी दुकानातच तपासा. चालू यंत्राचा प्लग काढून परत लावा आणि पाच मिनिटं थांबा, कारण कॉम्प्रेसर लगेच उठत नाही. नंतरही गप्पच राहिलं तर बंद घरासाठी ते निरुपयोगी. पाइप नसेल तर टाकी भरली की फ्लोट, म्हणजे आतला तरंगता खटका, यंत्र बंद करतो आणि पुढच्या फेरीपर्यंत घर पुन्हा दमट. पाइपाला सरळ उतार हवा. मध्ये झोळ पडला की पाणी मागे तुंबतं आणि टाकीत उतरतं.

सेटिंग ५५ टक्के पुरतं. ४० वर ठेवलं की लाकडी दारं आकसतात, चौकटीशी फटी दिसू लागतात. मुळात यंत्राच्या आकड्यावर फार भरवसा नको. वेगळा आर्द्रतामापक घ्या आणि त्याचीही परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडे थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं दिसेल इतकंच. मापकासह ते हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. ६९ दाखवला तर मापक ६ ने कमी सांगतोय.

आता खरी गोम. हवा कोरडी झाली की मोरी, सिंक, कमोड यांच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणीही लवकर आटतं, आणि गटाराचा वास थेट घरात येतो. यंत्र चालू असून घर घाणच मारतंय, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी जाळीत बॅटरी मारून पाहावी. ज्या मोरीत यंत्राचा पाइप सोडलाय तिचा ट्रॅप भरलेला राहतो. बाकी सगळीकडे दर १५ दिवसांनी तांब्याभर पाणी, वर चमचाभर खाद्यतेल. तेलाच्या थराने पाणी उडणं मंदावतं. त्याच फेरीत फिल्टर झटकायचा आणि कपाटांची दारं उघडी आहेत ना ते बघायचं, नाहीतर बुरशी नेमकी आत वाढते.

भिंतीची ओल मात्र याने जात नाही. दोन फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा, दोन दिवसांनी पाहा. थेंब आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. तिथे प्लंबर किंवा गिलावेवाला लागेल. यंत्र लावून डाग लपवणं ही फसवणूक आहे, आणि आठवडाभर ते बंद राहिलं की डाग परत दिसतोच.

वीजबिल सोसण्यासारखं: २५० वॉटचं यंत्र आठ तास चाललं की दोन युनिट. आवाज रिकाम्या घरात घुमतो, म्हणून बघायला येणाऱ्यांच्या अर्धा तास आधी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. सुगंधी फवारा नको, त्याने संशयच वाढतो. यंत्र दडवायचंही कारण नाही. कोणी विचारलं तर घर बंद असतं म्हणून लावलंय, एवढं सांगावं आणि मापकाचा आकडा दाखवावा.

किंमतच चढी लावली असेल तर हे यंत्र गिऱ्हाईक आणत नाही. आलेल्याला दारातून परत फिरू देत नाही, तेवढ्यापुरतं ते पैसे वसूल करतं. पाचपैकी चार. एक गुण पाइपाचा, तो खोक्यात नव्हता.