पेटीची कडी: चिकटवावी की पिनेने बसवावी?

ग्रेबोर्डवर, म्हणजे जाड राखाडी पुठ्ठ्यावर, हातकागद मढवून रुखवताच्या पेट्या करणाऱ्यांना कड्या, कोपरे, मुठी कुठे मिळतात ते सांगायला नको. ठाण्यात जांभळी नाक्याला एक फेरी मारली की पिशवी भरते. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडतो, हे लावायचं कशाने? कडीसोबत येणारे खिळे बाजूला ठेवा. ते लाकडासाठी असतात. दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यातून सरळ पलीकडे निघतात. मग उरतात इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा गोंद, आणि दोन पायांची स्प्लिट पिन.

मी आधी इपॉक्सीवाला होतो. काम सुटसुटीत. कडीची पाठ पॉलिश पेपरने घासायची, रेझिन-हार्डनर कालवायचं, चिमटा लावून रात्रभर ठेवायचं. पेटी आतून अस्तर लावून तयार असली तरी अडत नाही. झटपट गोंद मात्र मी कधीच परत वापरला नाही, गडद निळ्या कागदावर त्याची पांढरी झाक उमटते.

मग नौपाड्यातल्या एका काकूंना लेकीच्या रुखवतासाठी पाच पेट्या दिल्या. झेंडूच्या पाकळ्या घातलेला कागद, पितळी कड्या. आठवड्याभरात फोन आला, "अहो, तुमची कडी माझ्या हातात आलीय."

जाऊन पाहिलं. कडी उलटी केली तर गोंद जागच्या जागी, वर हातकागदही अख्खा, पाकळीसकट. आणि त्या कागदाच्या पाठीला ग्रेबोर्डची पातळ राखाडी साल. पेटीवर रुपयाएवढा खड्डा.

गोंदाला दोष देता येईना. हातकागद कापसाच्या चिंध्यांचा, त्याचे तंतू लांब, तो सहजी फाटत नाही. ग्रेबोर्ड रद्दीच्या लगद्याचा, थरावर थर. झाकण उघडताना आपण कडी समोर ओढतो आणि पुठ्ठ्याचा वरचा थर कांद्यासारखा सुटतो. गोंद आणखी भारी आणला असता तरी साल निघालीच असती. बरं, ठिगळ लावावं तर तशी पाकळी त्याच जागी दुसऱ्या कागदात कुठून आणणार? पेटी नवीन करून दिली, घरी बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पिनेचे पाय आतल्या बाजूला पसरतात, त्यामुळे ओढ पुठ्ठ्याच्या पूर्ण जाडीवर येते. माझ्याकडच्या एका पेटीत रोजच्या किल्ल्या असतात, दिवसातून दहादा उघडते, दुसरा पावसाळा चालू आहे. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे एवढंच आहे.

पिनेचाही त्रास आहेच. कडीची भोकं बहुतेक वेळा बारीक निघतात, कानशीने मोठी करावी लागतात. आरीने टोचलं की मागे पुठ्ठ्याचा फुगवटा येतो, तो दाबून बसवायचा. सगळ्यात मोठं म्हणजे कामाचा क्रम बदलतो: कडी आधी, अस्तर नंतर. पायांचा उंचवटा अस्तरातून दिसू नये म्हणून मी पातळ कार्डाला तेवढी खिडकी कापून ते मध्ये घालतो. पेटीमागे वीस मिनिटं तरी जास्त जातात. पन्नास पेट्यांची घाईची ऑर्डर असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल, मी वाद घालणार नाही.

कोपऱ्यांना, नुसत्या शोभेच्या फुलांना कोणी ओढत नाही. तिथे मी आजही इपॉक्सीच लावतो. अस्तर लागून गेलेल्या पेटीलाही नाइलाजाने तेच, पण मग झाकण उचलायला फितीचा एक लूप देतो, म्हणजे हात कडीकडे जात नाही.

पिना घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटली की समजायचं, वर पितळी मुलामा आणि आत लोखंड. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत असल्या पिनेचा गंज अस्तरातून तपकिरी डाग होऊन वर येतो, आणि तोवर पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते.