आठ महिने ब्रिकेटवर बॉयलर : पैसे जळणाचे द्या, पाण्याचे नकोत

गेल्या मंगळवारी आमच्या सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या) दारातून दहा टनांची ओल्या ब्रिकेटची गाडी परत पाठवली. दिवाळीनंतर बॉयलरला कोळसा सोडून ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेलं कांड्यांचं जळण, सुरू केलं. बगॅस (उसाचा चोथा) आणि भुईमुगाच्या टरफलांचा ९० मिलिमीटर जाडीचा माल. आठ महिन्यांत एवढी चीड कधी आली नव्हती.

जळण म्हणून वस्तू चांगली आहे. लवकर पेटतं, राख कमी पडते, गंधकाचा वास नाही. उष्मांक किलोला ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी धरा. चांगल्या कोळशापेक्षा कमीच, म्हणून भाव नुसता किलोवर बघू नका, वाफेवर बघा. त्या हिशेबानेही आम्हाला परवडलं.

जानेवारीत बॉयलरच्या जाळीवर, जिथे जळण जळतं तिथे, गोळे जमायला लागले. सळीने फोडता फोडता फायरमन म्हणाला, "मालक, ही राख न्हवं, काच झालीया." तेव्हा ब्रिकेट बॉयलरची वाट लावतं, असं मी चार जणांना सांगितलं. ते माझं चुकलं. टरफलांबरोबर शेतातली माती आली होती. मातीतली वाळू आणि पिकातला पोटॅश आचेने वितळून एकजीव होतात. चाळलेल्या कच्च्या मालाचं ब्रिकेट मागवलं, जाळीखालची हवा नीट लावली, गोळे जवळजवळ थांबले.

ओलाव्याबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही. ब्रिकेटमध्ये गोंद नसतो. प्रेसच्या दाबाने आणि उष्णतेने भुशातलं लिग्निन (वनस्पतीतला नैसर्गिक चिकट घटक) मऊ होतं, तेच सगळं धरून ठेवतं. पाणी लागलं की पकड सुटते. सुका माल वरून काळपट, गुळगुळीत असतो, मोडताना कट्‌कन वाजतो. मंगळवारचा माल फुगलेला, आडव्या चिरा पडलेला. अंगठ्याने दाबला तर हातात भुसाच.

ओलावा ठरला होता ८ टक्के, निघाला १६. म्हणजे दहा टनांत ८०० किलो जादा पाणी. किलोला साडेसात रुपयांनी सहा हजार रुपये झाले! वर ते पाणी उडवायला किलोमागे सुमारे ५४० किलोकॅलरी आपल्याच जळणातून जातात. जूनमध्ये असाच माल न तपासता घेतला होता. वाफेचं प्रेशर पडलं, सूत वाळवायच्या सिलिंडरवर सूत ओलं राहिलं आणि दोन बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) खराब झाले. पुरवठादार फोनवर म्हणतो, "पावसाळ्यात एवढं चालतंच." का चालावं? ताडपत्री घालणं त्याच्या हातात आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांनाही कोळशात ५ टक्के बायोमास (शेतातला काडीकचरा) मिसळायला सांगितलं होतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते. आपल्याकडे नाही, म्हणून मी छोटा ओव्हन घेतला. गाडीच्या वरून, मधून, खालून तुकडे काढायचे, कुटून १०० ग्रॅम घ्यायचे, १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचे. जेवढे ग्रॅम घटले तेवढे टक्के पाणी. आता निकाल लागेपर्यंत गाडी खाली करत नाही.

काल दुसरी गाडी आली, ताडपत्री दोन्ही बाजूंनी घट्ट बांधलेली. ९ टक्के भरला. उतरवून घेतली.