हॉस्किन्स, ॲरन की पीपल्स: व्याख्यानासाठी कोणाला निवडावे?

बेसबॉलमधल्या वर्णभेदावर बोलायचे म्हटले की सगळे जॅकी रॉबिन्सनकडे, म्हणजे मेजर लीगमधली (सर्वोच्च दर्जाची लीग) वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या खेळाडूकडे वळतात. पण 1946 मध्ये तो खेळला माँट्रियलकडून, म्हणजे कॅनडात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मायनर लीगची (मेजर लीगखालच्या दर्जाच्या स्पर्धा) कथा सांगायची असेल तर नावे वेगळी लागतात.

हँक ॲरन सर्वांत सोपा. 1953, सॅली लीग (दक्षिणेतली एक मायनर लीग), जॅक्सनव्हिलचा संघ, वय 19. बॅटिंग सरासरी .362, होमरन 22, शिवाय लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. (क्रिकेटवाल्या श्रोत्यांना आधीच सांगा: .362 म्हणजे दर हजार प्रयत्नांत 362 हिट (बेसवर पोहोचवणारे फटके). नाहीतर आकडा फुसका वाटतो.) साहित्य भरपूर मिळते, पण चूकही इथेच होते. सॅली लीगमधली वर्णभेदाची भिंत त्याने एकट्याने पाडली नाही. फेलिक्स मँटिया आणि होरेस गार्नर त्याच्याच संघात होते, आणि सव्हानाच्या संघातही त्याच वर्षी कृष्णवर्णीय खेळाडू होते.

डेव्ह हॉस्किन्स माझ्या मते सर्वांत भक्कम. टेक्सास लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, 1952, डॅलस. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून 22 विजय, 10 पराभव, आणि वर .328 ची बॅटिंग. श्रीव्हपोर्टमधल्या सामन्याआधी त्याला गोळी घालण्याच्या धमकीची पत्रे आली. संघाचा व्यवस्थापक डच मेयर आपल्याला खेळू देणार नाही, या भीतीने त्याने ती कोणाला दाखवली नाहीत. तो खेळला आणि जिंकला. डॅलसचे मालक डिक बर्नेट यांचा हिशेबही सांगा: घटलेला प्रेक्षक त्यांना परत हवा होता. त्याशिवाय हे पाऊल का पडले, ते कळत नाही.

नॅट पीपल्सची कथा फार छोटी. एप्रिल 1954, अटलांटा क्रॅकर्स संघ, सदर्न असोसिएशन या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. दोन सामने, एकही हिट नाही, आणि लगेच जॅक्सनव्हिलला रवानगी. 1961 च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली, तोवर दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू तिथे आला नाही. याच लीगमधल्या बर्मिंगहॅमने जून 1954 मध्ये मतदान घेऊन गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या मिश्र खेळांवरची बंदी परत आणली.

वीस मिनिटे असतील तर हॉस्किन्स पुरे. तासभर असेल तर त्याच्यासोबत पीपल्स घ्या: दोन्ही लीग एकाच दर्जाच्या, मध्ये अंतर फक्त दोन वर्षांचे. मात्र ‘पहिला’ म्हणताना दर वेळी लीगचे नाव जोडा.