मालवण की वेंगुर्ला?

निवृत्तीनंतर सिंधुदुर्गात घर करायचं तर मालवणात की वेंगुर्ल्यात, असं महिन्याभरात दोघांनी विचारलं. मी मालवणात भाड्याने दीड वर्ष काढलं, आता वेंगुर्ल्यात राहतो. तेव्हा कल कुठे आहे ते उघडच आहे, पण मालवणची बाजू आधी.

१९९७ला जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, १९९८ला कोकण रेल्वे सलग धावू लागली. ती दोन्ही गावं सोडून आतल्या बाजूने, कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. तरी कुडाळला उतरलेला पाहुणा किल्ला आणि तारकर्लीसाठी मालवणच गाठतो. त्यामुळे मालवणात तरुण पोरं दिसतात. रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, मुलगा पाहुण्यांना स्कुबाला नेतो. आमच्याकडचा त्याच्याच वयाचा पोरगा सकाळी मोटरसायकलवर टांग टाकून गोव्याला नोकरीला जातो. ही फार मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही.

विमानाच्या भरवशावर मात्र ठरवू नका. चिपी विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात, २०२१ला सुरू झालं, पण सेवा कधी असते, कधी नसते. मी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून येतो.

माझं मन फिरलं ते माशांवरून. मालवणात संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव लागतो. सुरुवातीला पिशवी घेऊन हौसेने जायचो. डिसेंबर आला की इसवण (सुरमई), पापलेट, मोठी कोळंबी हॉटेलवाल्यांच्या टोपल्यांत आधीच गेलेली. उरलेल्याचा भाव असा, की शेजारच्या काकी म्हणायच्या, "आमच्या दारातला मासो, आमकाच परवडणा नाय." मे महिन्यात तेच. आणि जूनपासून दोन महिने मासेमारीच बंद! म्हणजे ज्यासाठी मुंबई सोडली, ते ताटात यायचं ते नेमकं पाहुणे नसतानाच. कोणाचा दोष म्हणवत नाही. धंदा आहे, त्यांनी करावा. पण मला ते रोज टोचायचं.

वेंगुर्ल्यात मोठी इसवण रोज मिळते असं नाही. बांगडा, पेडवे मिळतात, आणि कोळीण मला नावाने हाक मारते. शिवाय इथल्या फळ संशोधन केंद्रातून काजूची कलमं आणून लावली. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती इथूनच निघाल्या, हे सांगायला मला आवडतं.

अर्थात खोल्या पाहुण्यांना देऊन घर चालवायचं असेल, किंवा मुलाला इथेच थांबवायचं असेल, तर मालवणच घ्या. मी येईन भेटायला. डिसेंबरात आलो तर बांगडे घेऊनच येईन.