आठ महिने, रोज रात्री एक कथा: फंग मंगलुंगचं 'सानयेन'

गेले आठ महिने माझ्या उशाशी तीन जाडजूड खंड आहेत. चीनमधल्या मिंग राजवटीच्या काळातल्या सुचौ शहरचा फंग मंगलुंग (१५७४–१६४६) यानं बोलीभाषेतल्या कथांचे तीन संग्रह काढले. पहिला १६२० च्या सुमारास, पुढचे १६२४ आणि १६२७ मध्ये. प्रत्येकात चाळीस, म्हणजे एकूण १२० कथा. काही जुन्या, त्यानं हात फिरवलेल्या, तर काही त्याच्या स्वतःच्या. तिन्हींना मिळून 'सानयेन' म्हणतात. मी वाचला तो शुहुइ यांग आणि युनचिन यांग यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद.

पहिला महिना वाया गेला, कारण मी एका बैठकीत पाच-पाच कथा संपवत होते. सगळ्या एकसारख्या वाटू लागल्या. आधी कविता, मग एखादी छोटी गोष्ट, मग मूळ कथा आणि मध्येच 'श्रोतेहो' अशी हाक. बाजारात गोष्टी सांगणाऱ्याची ही ढब फंगनं कागदावर मुद्दाम राखली आहे. कीर्तनाचा पूर्वरंग ऐकलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही, पण एका रात्रीत पाच कीर्तनं कोण ऐकतं? रोज एकच कथा वाचायची असं ठरवलं आणि पुस्तक उघडत गेलं.

तिसऱ्या संग्रहातला हांगचौचा तेलविक्या छिन चुंग माझ्या मनातून जात नाही. भांडवल तीन ल्यांग (तोलून पैशासारखी वापरायच्या चांदीचं माप) चांदी आणि मन जडलेलं शहरातल्या सर्वांत महागड्या गणिकेवर. एका रात्रीचे दहा ल्यांग! वर्षभर चांदीचे तुकडे साठवून तो सराफाकडे तोलायला जातो. काटा बरोबर सोळा ल्यांगांवर थांबतो. ठरलेल्या रात्री ती गणिका, मेइन्यांग, दारूच्या नशेत येऊन झोपी जाते. तो गरम चहाची किटली कुशीत धरून जागा राहतो. तिला उलटी होते तेव्हा पांघरूण खराब होऊ नये म्हणून आपल्या झग्याची बाही पुढे धरतो, मग तिला चहा पाजतो. एवढंच. प्रेमाचं एक वाक्य नाही, आणि तरी इतकं खरं प्रेम मी क्वचित वाचलं आहे.

सगळंच असं नाही. पातिव्रत्यासाठी जीव देणाऱ्या बायकांचं कौतुक मला सोसत नाही. काही कथा मी चिडून अर्ध्यावर ठेवल्या. पण फंगचा उपदेश आणि फंगची कथा नेहमी एका वाटेनं जात नाहीत, हे कळायला मला चार महिने लागले. पहिल्या संग्रहातली पहिलीच कथा घ्या. सुरुवातीला परस्त्रीच्या नादाबद्दल भरपूर तंबी. पुढे व्यापारी ज्यांग शिंगग घराण्यातला मोत्यांचा अंगरखा परक्या माणसाच्या अंगावर पाहतो आणि बायकोचं प्रकरण ओळखतो. तो स्वतःला काय म्हणतो? माशीच्या डोक्याएवढ्या नफ्यासाठी मी तिला ऐन तारुण्यात एकटी टाकून गेलो. तो काडीमोड देतो, पण ती दुसऱ्याच्या घरी जाते तेव्हा तिच्या सोळा पेट्या किल्ल्यांसकट तिच्याकडे पाठवून देतो. त्या किल्ल्यांपाशी मी बराच वेळ थांबले होते.

फंगला वरच्या परीक्षांनी आयुष्यभर हुलकावणी दिली. साठीच्या उंबरठ्यावर, १६३४ मध्ये, तो फूच्येन प्रांताच्या डोंगरातल्या शौनिंगचा दंडाधिकारी झाला. तिथं मुली जन्मताच बुडवून मारण्याविरुद्ध त्यानं जाहीर हुकूम काढला. हे कळल्यावर त्याच्या कथांतल्या बायका मी पुन्हा वाचल्या, विशेषतः 'तू शिन्यांग' नावाची गणिका. प्रियकरानं हजार ल्यांगांना विकल्यावर ती रत्नांची पेटी नदीत रिकामी करते आणि मग स्वतः उडी घेते.

नावं आणि नाती लिहायला वही मात्र जवळ ठेवा. एकच खंड घ्यायचा असेल तर तिसरा घ्या, तेलविक्या त्यातच आहे. मग पहिला, मोत्यांच्या अंगरख्यासाठी.