एक्स्टेंशन नट: साध्या गिटारवर हवाईयन, ब्लूज आणि राग

हाताशी असलेली साधी अकूस्टिक गिटार मांडीवर आडवी घेऊन बारने (तारांवर सरकवायच्या धातूच्या दांड्याने) वाजवायची असेल, तर दुसरी गिटार घेण्याआधी एक्स्टेंशन नट लावून बघावा. आतून पोकळ असा हा धातूचा तुकडा मूळ नटावर, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, नुसता बसतो. गोंद नाही, स्क्रू नाही. तारा काढायच्या नाहीत, फक्त ढिल्या करून तो खाली सरकवायचा आणि सुरात आणताना मधल्या दोन तारा आधी ताणायच्या. कडेची आधी ताणली तर तुकडा तिरका होतो.

नटापाशी तारा साधारण ८ मिमी उचलल्या जातात, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) त्याच्या निम्म्या. बार फ्रेटला लागत नाही, एवढं पुरे.

खरी कुरबुर तारांच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिजपाशी आहे. या नटाचा माथा सपाट, सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) मात्र गोलसर. १२ इंच त्रिज्येच्या गोलाईत कडेच्या तारा मधल्यांपेक्षा मिलिमीटरभर खाली राहतात. बार वरच्या फ्रेटांकडे गेला की पहिली तार खरखरते, मग वाजवणारा बार दाबतो आणि सूर चढतो. सपाट सॅडल बसवला की प्रश्न मिटतो. जुना जपून ठेवावा.

ब्लूजसाठी ओपन डी (मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर वाजेल अशी जुळणी) उत्तम: चार तारा उतरतात, दोन तशाच राहतात. ओपन ई मध्ये तीन चढतात, गिटारवर विनाकारण ताण. उतरलेल्या तारा लुळ्या पडू नयेत म्हणून १३ चा (पहिली तार ०.०१३ इंच जाडीची) संच घ्यावा. १९व्या शतकाच्या अखेरीस हवाईत जोसेफ केकुकूने रूढ केलेल्या बारवादनाची लांब घसरही यावर छान निघते. मात्र डोब्रोवाल्यांच्या (डोब्रो म्हणजे धातूची तबकडी असलेली गिटार) ओपन जी मध्ये सहावी तार तीन अर्धे स्वर, म्हणजे दीड टोन चढवावी लागते. तिथे वेगळा संचच हवा.

रागाकडे वळलं की मर्यादा कळते. ब्रिजभूषण काबरांनी १९६० च्या दशकात गिटारवर जे उभं केलं, त्यातली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) इथेही येते. पण चिकारी (मध्ये मध्ये छेडायच्या उंच सुराच्या तारा) नाही, त्यामुळे ‘झाला’ हा शेवटचा द्रुत भाग पोकळ वाटतो; विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेतल्या तरफेच्या (आपोआप गुंजणाऱ्या) तारांची आस तर विसराच. शिवाय ओपन डी मध्ये तिसरी तार शुद्ध गंधारात लागते. भीमपलासीला ती अर्धा स्वर उतरवली की भागतं. मालकंसात पंचमच वर्ज्य, म्हणजे पाचवी आणि दुसरीही मध्यमावर आणायची.

नायलॉन तारांच्या गिटारवर लावू नये. तिचा नट ५२ मिमीच्या घरातला, हे तुकडे साधारण ४३ मिमीच्या नटासाठी घडवलेले.